झडप मिटली, आग विझली नाही

मुंबई हाय नॉर्थ, २७ जुलै २००५ : घटनाक्रम

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात गेलात, तर थोडा वेळ चाचणीच्या टेबलापाशी उभे राहा. कारागीर पॉपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये हलणाऱ्या भागाच्या, कोनावर निळा रंग अगदी पातळ चोपडतो, पॉपेट सीटवर टेकवतो, हलकेच फिरवतो आणि उचलून उजेडात धरतो. सीटवर निळी रेघ सलग गोल उमटली असेल, तर दोन्ही पृष्ठभाग सगळीकडून टेकलेत. रेघ कुठे तुटली असेल, तर तिथून तेल गळणार. मग पुन्हा लॅपिंग पेस्ट, पुन्हा घासणं. शेवटी पंपाने दाब चढवायचा आणि गेजच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा ढळला नाही की व्हॉल्व्ह पास.

पॉलिहायड्रॉनसारख्या कंपन्यांनी बेळगावचं नाव या कामात देशभर नेलं. निपाणीवरून कोल्हापूरच्या रस्त्याला लागलं, की हीच विद्या फाउंड्र्यांच्या रूपाने पुढे भेटत राहते. व्हॉल्व्ह कसा चालतो हे आमच्या भागातल्या आयटीआयच्या पोरालाही विचारून बघा, तो नीट सांगेल. पण चांगला बनलेला, पास झालेला, वेळेवर मिटणारा व्हॉल्व्ह लाइनीत नेमका कुठे बसवायचा, हा प्रश्न कारखान्याच्या टेबलावर सुटत नाही. तो ड्रॉइंगच्या कागदावर सुटतो, आणि बहुतेक वेळा दुर्घटनेच्या कितीतरी वर्षं आधी. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात, त्या प्रश्नाचं उत्तर बावीस माणसांच्या जिवावर बेतलं. त्या दिवसाचं घड्याळ म्हणून बरंच मागे नेऊन लावावं लागतं.

२४ वर्षं आधी : १९८१

१९७४च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या ड्रिलिंग रिगने बॉम्बे हायमध्ये, म्हणजे आजच्या मुंबई हायमध्ये, तेल शोधलं आणि १९७६ साली उत्पादन सुरू झालं. त्याच वर्षी उत्तर भागात विहिरींचा एक छोटा प्लॅटफॉर्म उभा राहिला, १९७८मध्ये त्याच्या शेजारी माणसांच्या राहण्याचा प्लॅटफॉर्म आला. १९८१मध्ये आला सात मजली मुंबई हाय नॉर्थ : आजूबाजूच्या विहिरींतून येणारं तेल, वायू आणि पाण्याचं मिश्रण वेगळं करणारा कारखाना. पुढे आणखी एक प्रक्रिया प्लॅटफॉर्म जोडला गेला. चारही प्लॅटफॉर्म पुलांनी एकमेकांना जोडलेले. माणसं झोपायची तिथून चालत कामावर जायची.

समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर उभ्या चढणाऱ्या पाइपाला राइझर म्हणतात. मुंबई हाय नॉर्थला असे पंधरा राइझर होते. दहांतून विहिरींचा माल आत यायचा, पाचांतून वायू बाहेर जायचा. बाहेर जाणाऱ्या वायूचं मोठं काम गॅस लिफ्टचं होतं. जुन्या विहिरीचा जोर ओसरला, की दाबाखालचा वायू तिच्या तळाशी सोडतात. तो तेलात मिसळून तेल हलकं करतो आणि वर चढवतो. म्हणजे हे राइझर ज्वलनशील वायूने, चांगल्या चढ्या दाबाने, कायम भरलेले. आणि ते प्लॅटफॉर्मच्या पोलादी सांगाड्याच्या, म्हणजे जॅकेटच्या, बाहेरच्या अंगाला होते. जहाजं ज्या अंगाला येऊन थडकू शकतात, त्या अंगाला.

आता व्हॉल्व्हकडे येऊ. रस्त्यावरच्या चेंबरमध्ये पाणी सोडणारा माणूस चावी घालून फिरवतो तो स्लुइस व्हॉल्व्ह. त्यात एक पाचर स्क्रूवर वरखाली होते. पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, एवढंच त्याचं काम. अर्धवट उघडा ठेवला तर वाहत्या पाण्यात पाचर थरथरून झिजते. प्रवाह कमीजास्त करायचा असेल तर ग्लोब व्हॉल्व्ह. त्यात चकती प्रवाहाच्या तोंडावर टेकते आणि उचलते, त्यामुळे हवा तेवढा मार्ग मोकळा करता येतो. स्लुइस व्हॉल्व्हच्या चावीला इतके आटे का द्यावे लागतात, यालाही कारण आहे. सेकंदाला एक मीटर वेगाने चाललेलं पाणी लोखंडी पाइपात एका झटक्यात अडवलं, तर दाब सुमारे १० बारने उसळतो. पाइपलाइनीला बसणारा तो हातोडा टाळायचा तर झडप सावकाश मिटली पाहिजे.

साखर कारखान्याच्या बॉयलरवर, मग तो संकेश्वरचा हिरण्यकेशी असो की निपाणीचा हालसिद्धनाथ, सेफ्टी व्हॉल्व्ह असतात. स्प्रिंग झडपेला सीटवर दाबून धरते. वाफेचा जोर स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की झडप उचलते, वाफ छतावरून सुटते, दाब उतरला की झडप परत बसते. हा व्हॉल्व्ह वाचवतो भांड्याला. बाहेर पडलेल्या मालाचं पुढे काय करायचं, ते वेगळं ठरवावं लागतं. वाफ हवेत सोडता येते, तेलाच्या प्लॅटफॉर्मवरचा वायू पाइपाने दूर नेऊन मशालीत जाळावा लागतो.

समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर याखेरीज दोन पहारेकरी असतात. पहिला विहिरीच्या आत, समुद्रतळाच्याही खाली. नळीत एक दारासारखी मिटणारी चकती असते आणि तिला उघडं ठेवायचं काम करतो वरून बारीक नळीने पाठवलेल्या हायड्रॉलिक तेलाचा दाब. तो दाब आहे तोवर चकती उघडी. वरची नळी तुटली, जळली, प्लॅटफॉर्मच नाहीसा झाला, तर तेलाचा दाब जातो, स्प्रिंग चकती मिटवते आणि विहीर खालीच बंद होते. उद्यमबागेत स्प्रिंग आणि तेलाच्या दाबाचा जो खेळ रोज चालतो, तोच हा. फरक एवढाच, की इथे दाब जाणं हाच हुकूम असतो. आग स्वतःच व्हॉल्व्ह बंद करते. माणसाच्या हुशारीवर किंवा हजर असण्यावर काहीही न सोपवणारी ही रचना मला फार मोलाची वाटते.

दुसरा पहारेकरी राइझरच्या टोकाला : इमर्जन्सी शटडाउन व्हॉल्व्ह. बहुधा बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आरपार भोक असलेला पोलादी गोळा. पाव फेरा फिरला की भोक आडवं होतं आणि पाइप बंद. तोही तसाच : हवेचा किंवा तेलाचा दाब त्याला उघडा धरतो, दाब गेला की स्प्रिंग मिटवते.

मुंबई हाय नॉर्थच्या राइझरना हे व्हॉल्व्ह होते. टोकांना होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, समुद्रतळावरची लाइन धरून, अंतर १२ किलोमीटरपर्यंत जात होतं.

१७ वर्षं आणि २१ दिवस आधी : ६ जुलै १९८८

स्कॉटलंडच्या ॲबर्डीनपासून दूर, उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा प्लॅटफॉर्म. कंडेन्सेट म्हणजे वायूतून निघणारं हलकं द्रव इंधन. ते ढकलणाऱ्या दोन पंपांपैकी 'अ' पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता. मोकळ्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड झाकणारी चकती, नुसती हाताने आवळून बसवली होती. काम संध्याकाळपर्यंत संपलं नाही, आणि व्हॉल्व्ह जागेवर नसल्याची गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचली नाही.

रात्री ९.४५ : 'ब' पंप बंद पडला. रात्रपाळीने 'अ' सुरू केला.

१०.०० : फ्लँजमधून सुटलेल्या कंडेन्सेटचा स्फोट.

१०.२० : शेजारच्या टार्टन प्लॅटफॉर्मकडून येणाऱ्या वायूच्या लाइनीचा राइझर उष्णतेने फाटला. यानंतर पायपर अल्फा वाचण्याची शक्यता उरली नाही.

१०.५० : दुसऱ्या लाइनीचा राइझर गेला. ११.२०च्या सुमारास तिसऱ्या लाइनीचा.

१६७ माणसं गेली. त्यांतली दोन वाचवायला आलेल्या बोटीवरची. पहिला स्फोट एका काढून ठेवलेल्या व्हॉल्व्हमुळे झाला, हे सगळ्यांना आठवतं. पण त्या स्फोटाने एवढी माणसं मारली नसती. त्यांना मारलं लांबलांबून येणाऱ्या लाइनींत साठलेल्या वायूने, जो राइझर फाटल्यावर अडवायला प्लॅटफॉर्मजवळ काही नव्हतं. आग दिसत असूनही शेजारचे प्लॅटफॉर्म बराच वेळ उत्पादन करत राहिले, हेही चौकशीत पुढे आलं.

ब्रिटनने १९८९ साली राइझरवरच्या आणीबाणीच्या व्हॉल्व्हसाठी नियम केले. १९९०मध्ये लॉर्ड कलन यांच्या अहवालात १०६ शिफारशी आल्या. उत्तर समुद्रातल्या अनेक कंपन्यांनी आणखी एक पाऊल टाकलं : व्हॉल्व्ह प्लॅटफॉर्मवर आहेच, शिवाय एक समुद्रतळावर, प्लॅटफॉर्मपासून काही शे मीटरवर. राइझर कुठेही फुटो, त्याच्या खालचा व्हॉल्व्ह मिटला की जळायला उरतो तेवढा थोडासा तुकडा.

हे सगळं २००५ साली जगाला माहीत असून पंधरा वर्षं झाली होती.

२६ तास आधी : २६ जुलै २००५, दुपार

मुंबईत पाऊस कोसळायला लागला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. तो दिवस ज्यांनी पाहिला, त्यांना वेगळं सांगायला नको. विमानतळ बंद, रस्ते आणि लोकलगाड्या पाण्याखाली. समुद्रातल्या माणसांच्या दृष्टीने एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची होती : किनाऱ्यावरून हेलिकॉप्टर उडणार नव्हती.

काही तास आधी : २७ जुलै, बुधवार

'समुद्र सुरक्षा' हे सुमारे १०० मीटर लांबीचं जहाज मुंबई हायच्या क्षेत्रात पाण्याखाली काम करणाऱ्या पाणबुड्यांसाठी तैनात होतं. मालकी ओएनजीसीची, चालवणं शिपिंग कॉर्पोरेशनकडे. जहाजावरच्या एका स्वयंपाक्याच्या दोन बोटांची टोकं तुटली.

एरवी त्याला हेलिकॉप्टरने मुंबईला नेलं असतं. आज ते शक्य नव्हतं. प्लॅटफॉर्मवर उपचाराची सोय होती, म्हणून जहाज मुंबई हाय नॉर्थकडे वळलं. एका जखमी माणसासाठी शंभर मीटरचं जहाज वळवणं, यात मला चूक दिसत नाही. समुद्रावर माणसं एकमेकांसाठी हे करतात, करायलाच हवं. या निर्णयात खोट काढणाऱ्यांनी स्वतःची बोटं डोळ्यांपुढे आणावीत. खोट पुढे आहे, आणि ती माणसाच्या दयेत नाही.

शेवटचा तास

वारा ३५ नॉटच्या आसपास. लाटा पाच मीटरच्या घरात. जहाज वाऱ्याच्या अंगाने प्लॅटफॉर्मकडे येत होतं.

असली जहाजं संगणकाच्या मदतीने जागेवर स्थिर राहतात. बुडाशी सगळ्या दिशांना फिरणारे पंखे असतात. वारा आणि प्रवाह जहाजाला ढकलतात, तसे संगणक पंख्यांना उलट जोर लावायला सांगत राहतो. त्या दिवशी या पंख्यांच्या यंत्रणेत अडचण आली. जहाज हातांनी चालवत, मागचं टोक पुढे करून, प्लॅटफॉर्मजवळ आणलं गेलं.

प्लॅटफॉर्मवरच्या क्रेनने माणसं उचलायची टोपली खाली सोडली. जखमी स्वयंपाकी वर गेला. ज्या कामासाठी जहाज आलं होतं, ते झालं. आता फक्त मागे हटायचं होतं.

शून्य : दुपारी चारच्या सुमारास

जहाज दूर जायच्या प्रयत्नात असताना एका मोठ्या उसळीने ते उचललं गेलं. जहाजाच्या हेलिडेकचा भाग गॅस लिफ्टच्या राइझरवर आदळला. पाइप फुटला.

राइझरभोवती आडोसे होते. पण ते लहान पुरवठा बोटींच्या धक्क्याचा हिशोब धरून केलेले होते. शंभर मीटरचं जहाज पाच मीटरच्या लाटेवरून येऊन आपटेल, हा हिशोब त्यात नव्हता.

पहिली मिनिटं

वायू सुटला आणि पेटला.

या क्षणी व्हॉल्व्हनी काय करायचं? प्लॅटफॉर्मवरचा शटडाउन व्हॉल्व्ह मिटला की प्लॅटफॉर्मवरून राइझरमध्ये वायू जाणं थांबतं. प्लॅटफॉर्मची बाजू सुरक्षित. पण पाइप फुटला होता त्या व्हॉल्व्हच्या खाली. दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह मिटला तरी तो किलोमीटरांच्या अंतरावर. या दोन मिटलेल्या व्हॉल्व्हच्या मधल्या लाइनीतला सगळा वायू त्या एका भोकाकडे निघाला. त्याला बाहेर पडायला दुसरी वाटच नव्हती.

निपाणीच्या आसपास वेदगंगा-दूधगंगेवर उपसा सिंचनाच्या स्कीमा आहेत, तिथल्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. नदीकाठी पंप, खाली पाण्यात फुटबॉल म्हणजे फूट व्हॉल्व्ह, पंपाच्या पुढे लगेच एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे न येऊ देणारी झडप, आणि तिथून माळाला चढलेली लाइन. वीज गेली की वर चढलेलं पाणी मागे फिरतं, एनआरव्हीची चकती सीटवर आपटते, पंप वाचतो. पण पाइप त्या एनआरव्हीच्या चार हात पुढे फुटला तर? एनआरव्ही चोख मिटलेला असतो आणि तरी माळापर्यंतचं सगळं पाणी त्या भोकातून शेजारच्या उसात जातं. त्या वेळी एनआरव्हीला दोष देऊन काय उपयोग? जाणता फिटर म्हणूनच लांब लाइनीवर मध्ये मध्ये स्लुइस व्हॉल्व्ह टाकतो.

पाण्याने ऊस बुडतो. वायूचा हिशोब वेगळा असतो, तो जरा मांडून बघू. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. ते मुंबई हायच्या नेमक्या कुठल्या पाइपाचे नाहीत. समजा लाइन १० इंच व्यासाची आणि १२ किलोमीटर लांबीची आहे. तिच्या पोटात सुमारे ६०० घनमीटर जागा. दाब समजा १०० बार. मग बाहेर आल्यावर तो वायू साधारण ६० हजार घनमीटर होतो. वजनाने ४० टनांहून जास्त. घरगुती गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरांत सांगायचं तर जवळपास तीन हजार सिलिंडर. एका पाइपात. सगळे व्हॉल्व्ह मिटल्यानंतर.

आता त्याच लाइनीवर, प्लॅटफॉर्मपासून ३०० मीटरवर समुद्रतळाशी एक व्हॉल्व्ह आहे असं धरा. तो मिटल्यावर फुटलेल्या बाजूला उरतो तळावरचा ३०० मीटरचा आणि वर चढणारा शंभरेक मीटरचा तुकडा. १२ किलोमीटरचा तिसावा भाग. तीन हजारांच्या जागी शंभर सिलिंडर. तेही भयंकरच, पण काही मिनिटांत संपणारं. माणसाला आडोशाला उभं राहून वाट पाहता येईल असं.

व्हॉल्व्ह तोच, कारागिरी तीच, निळी रेघ तितकीच सलग. बदलली फक्त बसवायची जागा.

पहिला तास

एकच राइझर फुटून थांबलं असतं तरी कदाचित निभावलं असतं. पण पंधरा राइझर एकमेकांच्या जवळ होते आणि आगीपासून त्यांना वेगळं संरक्षण नव्हतं. पोलाद वितळायच्या फार आधी नरम पडतं. पाचसहाशे अंशांवर त्याची निम्म्याच्या आसपास ताकद जाते, आणि वायूची ज्योत त्याहून कितीतरी गरम असते. आतून दाब तेवढाच, बाहेरून भिंत नरम होत चाललेली. शेजारचा राइझर फाटला. मग आणखी. प्रत्येक फाटलेल्या राइझरमागे त्याची स्वतःची लांबच लांब लाइन, आपल्या पोटातल्या वायूसह.

सेफ्टी व्हॉल्व्ह इथे कामाला येत नाही. तो वाढलेला दाब ओळखतो. इथे दाब वाढलाच नव्हता, पाइपाची ताकद घटली होती. स्प्रिंगला ते कळायला मार्ग नाही.

आग मुंबई हाय नॉर्थवरून शेजारच्या, माणसांच्या राहण्याच्या प्लॅटफॉर्मवर गेली. पुलांनी जोडलेलं असणं आता घातक ठरलं. विहिरींच्या छोट्या प्लॅटफॉर्मवर 'नोबल चार्ली येस्टर' ही रिग ड्रिलिंग करत उभी होती. तिला आणि त्या प्लॅटफॉर्मला उष्णतेने झळ लागली. खुद्द 'समुद्र सुरक्षा'ही पेटलं.

प्लॅटफॉर्म आणि रिग मिळून ३८४ माणसं होती. प्लॅटफॉर्मच्या आठ लाइफबोटींपैकी दोनच पाण्यात सोडता आल्या. बाकीच्यांपर्यंत आगीमुळे पोचताच येईना, किंवा पोचूनही सोडता येईना. माणसं पावसाळ्याच्या उसळत्या समुद्रात उतरली. इमारतीच्या उंचीवरून, पाच मीटरच्या लाटांत, तेलाच्या तवंगात. बोटी कुठे ठेवायच्या हाही जागेचाच प्रश्न आहे, आणि त्याचंही उत्तर ड्रॉइंगच्या कागदावरच दिलं गेलेलं असतं.

दोन तास

सुमारे दोन तासांत मुंबई हाय नॉर्थ कोसळला. सात मजले आणि २४ वर्षांचं काम समुद्रात गेलं. देशाच्या तेल उत्पादनातली रोजची एक लाखाहून जास्त पिंपं एका संध्याकाळी थांबली.

पण एक गोष्ट या सगळ्यात टिकली, आणि ती सांगितली नाही तर व्हॉल्व्हवर अन्याय होईल. विहिरी बंद झाल्या. समुद्रतळाखालचे सेफ्टी व्हॉल्व्ह मिटले आणि मिटलेले राहिले. शेजारचा प्रक्रिया प्लॅटफॉर्म नाहीसा झाला तरी विहिरी मोकळ्या वाहिल्या नाहीत, महिनोन् महिने जळत राहिल्या नाहीत. विहिरीतला व्हॉल्व्ह बसवणाऱ्याने वरचा प्लॅटफॉर्म राहणारच नाही हे गृहीत धरलं होतं, आणि म्हणून तो खाली, जिथे वरचं काहीही पोचू शकत नाही तिथे, बसवला होता. राइझरच्या बाबतीत तसं गृहीत धरलेलं नव्हतं. एकाच जागी, एकाच दिवशी, एकाच तत्त्वावर चालणाऱ्या दोन प्रकारच्या झडपांची ही दोन फळं. मला या संपूर्ण घटनाक्रमात याहून बोलकं काही दिसत नाही.

रात्र

नौदल, तटरक्षक दल आणि आसपासची जहाजं रात्रभर माणसं उचलत होती. मुंबई स्वतः पाण्यात होती, फोन धड लागत नव्हते, आणि समुद्रावर पाऊस आणि वारा तसाच. तरीही ३६२ माणसं जिवंत हाती लागली. त्या हवामानात, त्या अंधारात, हे काम किती मोठं होतं ते आकड्यावरून कळतं. शहराच्या महापुराच्या बातम्यांखाली ते झाकलं गेलं, याची खंत मला आजही वाटते.

२२ माणसं परतली नाहीत. ११ मृतदेह मिळाले. ११ जण बेपत्ता.

३६ तास

पेटलेल्या 'समुद्र सुरक्षा'वरून माणसं उतरली, पण सहा जण उतरू शकत नव्हते. ते पाणबुडे होते, जहाजावरच्या पोलादी कक्षांत बंद. खोल समुद्रात दिवसेंदिवस काम करणाऱ्या पाणबुड्यांना तळाच्या दाबाइतक्याच दाबात ठेवतात. कामावर जाताना आणि परतताना त्यांच्या शरीरावरचा दाब बदलत नाही. मुंबई हायची खोली ७५ मीटरच्या आसपास, म्हणजे दाब हवेच्या आठपटीच्या जवळ. या दाबात रक्तात आणि स्नायूंत वायू मुरलेला असतो. दार एकदम उघडलं तर तो वायू शरीरातच बुडबुड्यांच्या रूपात सुटतो आणि माणूस मरतो. त्यांना हवेच्या साध्या दाबावर आणायला दिवस लागतात. तो दाब एका व्हॉल्व्हमधून, ठरलेल्या गतीने, थोडा थोडा सोडावा लागतो.

एकाच दिवशी व्हॉल्व्हची दोन टोकाची कामं. बाहेर एक लाइन मिटवता येत नव्हती आणि आत एक दार उघडता येत नव्हतं. पेटलेल्या, सोडून दिलेल्या जहाजावर ते सहा जण बसून होते. कक्षाचं कवच आणि त्याच्या झडपा टिकल्या. ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. सहाही जण वाचले.

पाचवा दिवस : १ ऑगस्ट

'समुद्र सुरक्षा' मुंबईच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर बुडालं.

त्यानंतरच्या काळात ओएनजीसीने विहिरींचा माल दुसऱ्या प्लॅटफॉर्मकडे वळवत उत्पादन टप्प्याटप्प्याने परत आणलं. हे करता आलं, कारण विहिरी शाबूत होत्या. ज्या जागी सात मजली कारखाना होता तिथे नवा उभा करायला काही वर्षं लागली. दुर्घटनेच्या अभ्यासांत ब्रिटनच्या सुरक्षा यंत्रणेपासून भारतातल्या तेल उद्योगापर्यंत तेच मुद्दे येत राहिले : राइझर जॅकेटच्या आत घ्या किंवा जहाजं येतात त्या बाजूपासून दूर न्या, त्यांना आगीचं कवच द्या, येणाऱ्या मोठ्या जहाजाच्या धक्क्याचा हिशोब धरा, आणि समुद्रतळावर वायू अडवायची जागा ठेवा.

उद्यमबागेतून निघणाऱ्या व्हॉल्व्हच्या खोक्यावर दाब लिहिलेला असतो, आकार लिहिलेला असतो, प्रवाहाच्या दिशेचा बाण बॉडीवरच ओतलेला असतो. मिटल्यावर त्याच्या पलीकडे किती माल उरेल, हे खोक्यावर लिहिता येत नाही. तो आकडा लाइन आखणाऱ्याने काढायचा असतो. वर मांडला तो हिशोब दहावीच्या गणिताचा आहे : व्यास, लांबी, दाब. साखर कारखान्यांतून आता इथेनॉलच्या टाक्या आणि लाइनी उभ्या राहताहेत, गावागावात पाइपाने गॅस येतो आहे. या प्रत्येक लाइनीच्या ड्रॉइंगवर दोन व्हॉल्व्हच्या मध्ये तो आकडा पेन्सिलीने लिहायला अर्धा तास पुरतो.